कोलेस्टेरॉल-न्यूनकारी औषधे

रक्तातील कोलेस्टेरॉलाचे प्रमाण वाजवीपेक्षा जास्त झाले असता ते कमी करण्यासाठी, तसेच ते जास्त नसतानाही हृद्‌रोगाचा संभव मोठा असल्यास, जी औषधे वापरतात त्यांना ‘कोलेस्टेरॉल-न्यूनकारी औषधे’ म्हणतात. वेदना किंवा ताप शमविणाऱ्या औषधांहून ही औषधे एका बाबतीत वेगळी आहेत. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढल्याने सामान्यतः कोणतेही लक्षण जाणवत नाही. त्यामुळे औषधाचा गुणही रुग्णाला जाणवत नाही. पुढे कित्येक वर्षांनी येऊ शकणारा हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात टळावा, एवढ्यासाठीच ती घेतली जातात. म्हणूनच औषधाने रक्तातील आकडा कमी होतो काय आणि त्याने झटके व मृत्यू कमी होतात काय, हे दोन प्रश्न अलग ठेवावे लागतात. या गटात कवकांपासून मिळालेल्या स्टॅटिनांपासून प्रयोगशाळेत बनविलेल्या प्रतिपिंडांपर्यंत अनेक द्रव्ये येतात. खानदेशासारख्या रूक्ष प्रदेशात वाढणाऱ्या गुग्गुळ या झुडपाच्या डिंकाचाही त्यांत एके काळी समावेश झाला होता. वरील दोन प्रश्नांतील अंतर या डिंकाच्या इतिहासात विशेष स्पष्ट दिसते.

कोलेस्टेरॉल व वसाप्रथिने : कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ प्राण्यांच्या प्रत्येक कोशिकेच्या आवरणात असतो. पित्ताम्ले, ड जीवनसत्त्व आणि अधिवृक्क व जनन ग्रंथींची हॉर्मोने त्यापासून तयार होतात. शरीराला लागणारे बहुतेक कोलेस्टेरॉल शरीरातच, मुख्यत्वे यकृतात व इतर ऊतकांत, तयार होते. अन्नातून येणारा वाटा त्यामानाने कमी असतो. वनस्पतिजन्य तेलांत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. त्यामुळे शेंगदाणा, सरकी, तीळ किंवा करडई यांच्या तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलविरहित’ असे छापलेले असले, तरी त्यात त्या तेलाचा विशेष गुण असा काही नसतो. खाण्यातील संपृक्त वसा (तूप, लोणी, खोबरेल, पाम तेल) व वनस्पती तुपासारख्या पदार्थांतील ट्रान्स वसा यांमुळे मात्र रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. खाद्य तेले व वसा यांतील औद्योगिक ट्रान्स वसेचे प्रमाण २ टक्क्यांहून जास्त नसावे, असे बंधन भारतात जानेवारी २०२२ पासून आहे.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नसल्याने ते प्रथिनांशी संयोग पावून वसाप्रथिनांच्या कणांतून रक्तात वाहून नेले जाते. अल्प घनतेची वसाप्रथिने (संक्षेपाने एलडीएल) यकृतातून निघालेले कोलेस्टेरॉल ऊतकांकडे नेतात. त्यांचे प्रमाण वाढले म्हणजे हे कण रोहिण्यांच्या अंतःस्तरात शिरून साचतात व रोहिणीविलेपी विकार उत्पन्न होतो. अशा लेपाचा पापुद्रा फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाली, की हृद्‌रोहिणी बंद पडून हृदयविकाराचा झटका येतो. हेच मेंदूच्या रोहिणीत घडल्यास पक्षाघात होतो. उच्च घनतेची वसाप्रथिने (एचडीएल) ऊतकांतील कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतात. उपचारांचे मुख्य लक्ष्य एलडीएल हेच असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी २४ टक्के लोकांत एकूण कोलेस्टेरॉल, तर २०.९ टक्के लोकांत एलडीएल जास्त आढळले.

इतिहास : निकोलाय अनिच्‌कॉव्ह या रशियन विकृतिवैज्ञानिकांनी १९१३ मध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत लेप उत्पन्न केले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन पाहणीने रक्तातील कोलेस्टेरॉल व हृदयविकार यांचा संबंध माणसांतही दाखवून दिला. निकोटिनिक अम्लाच्या (ब-जीवनसत्त्वांपैकी एक) मोठ्या मात्रेने कोलेस्टेरॉल घटते हे १९५५ मध्ये आढळले. मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांनी एलडीएल कणांना पकडून कोशिकेत घेणारी ग्राहके शोधून काढली व आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलरक्तता या विकारात त्यांचाच अभाव किंवा दोष असतो हे सिद्ध केले. या कार्याबद्दल त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ आकिरा एंडो (१९३३–२०२४) यांनी कोलेस्टेरॉलाची निर्मिती रोखणाऱ्या द्रव्याचा शोध कवकांमध्ये घेतला. सांक्यो या कंपनीच्या प्रयोगशाळेत हजारो कवकांची तपासणी केल्यावर, क्योटो येथील धान्याच्या दुकानातील तांदळाच्या नमुन्यावर वाढलेल्या पेनिसिलियम सिट्रिनम या कवकापासून १९७३ मध्ये त्यांना कॉम्पॅक्टिन हे द्रव्य मिळाले. ते पहिले स्टॅटिन होय. पण ते बाजारात आले नाही. ॲस्परजिलस टेरियस या कवकापासून मिळालेले लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेले पहिले स्टॅटिन ठरले.

स्टॅटिने : या गटात सिम्व्हास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिन, ॲटॉर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन इ. औषधे येतात. कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतील एका महत्त्वाच्या टप्प्यावर एचएमजी-कोए रिडक्टेज हे एंझाइम कार्य करते; स्टॅटिने त्याच्या कार्यात अडथळा आणतात. यकृतातील कोलेस्टेरॉल कमी पडू लागले, की यकृताच्या कोशिका आपल्या पृष्ठभागावरील एलडीएल-ग्राहकांची संख्या वाढवितात व रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेतात. रक्तातील घट ही मुख्यत्वे या दुसऱ्या क्रियेमुळे होते. ॲटॉर्व्हास्टॅटिन (४०–८० मिग्रॅ.) किंवा रोसुव्हास्टॅटिन (२०–४० मिग्रॅ.) रोज घेतल्यास एलडीएल निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटते. मात्रा दुप्पट केली म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. प्रत्येक दुप्पटीमागे सु. ६ टक्के एवढीच आणखी घट मिळते.

स्कँडिनेव्हियातील देशांत हृद्‌रोग असलेल्या ४,४४४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांतील एकूण मृत्यूंचे प्रमाण सु. ३० टक्क्यांनी कमी आढळले. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित विचार करता, एलडीएल दर डेसिलिटरमागे सु. ३९ मिग्रॅ. घटले म्हणजे हृदय व रोहिण्यांच्या गंभीर घटना सु. एक-पंचमांशाने कमी होतात असे दिसते. ॲटॉर्व्हास्टॅटिनाचा समावेश भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने त्याच्या किंमतीवर सरकारी नियंत्रण आहे.

अन्य औषधे : (१) एझेटिमाइब (२००२) हे औषध आतड्यातील कोलेस्टेरॉलाचे शोषण रोखते व एलडीएल सु. १८–२० टक्क्यांनी घटविते. स्टॅटिनाच्या जोडीला ते दिले असता झटके आणखी कमी होतात, हे १८,१४४ रुग्णांवरील चाचणीत आढळले. (२) कोलेस्टिरामीन हे राळेसारखे चूर्ण आतड्यात पित्ताम्लांना बांधून मलावाटे बाहेर नेते. त्यांची भरपाई करण्यासाठी यकृत कोलेस्टेरॉल वापरते. ३,८०६ पुरुषांवरील चाचणीत (१९८४) त्याने हृद्‌रोहिणीविकाराचे झटके व मृत्यू मिळून १९ टक्क्यांनी घटले. बद्धकोष्ठ व पोटफुगी यांमुळे ते फार काळ घेणे अनेकांना जड जाते. (३) पीसीएसके९ या प्रथिनामुळे एलडीएल-ग्राहकांचा नाश होतो. या प्रथिनाला निष्प्रभ करणारी इव्होलोकुमॅब व ॲलिरोकुमॅब ही प्रतिपिंडे २०१५ मध्ये उपलब्ध झाली. ती त्वचेखाली टोचतात. इव्होलोकुमॅबाच्या २७,५६४ रुग्णांवरील चाचणीत (२०१७) एलडीएलचे मध्यक मूल्य ९२ वरून ३० मिग्रॅ.पर्यंत आले व गंभीर घटना १५ टक्क्यांनी घटल्या. पीसीएसके९ ची निर्मितीच रोखणारे इन्क्लिसिरान हे औषध सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच टोचावे लागते. (४) बेम्पेडोइक अम्ल स्टॅटिनांच्याच साखळीत, पण त्याआधीच्या टप्प्यावर कार्य करते. स्नायूंत ते क्रियाशील होत नसल्याने स्टॅटिने न सोसणाऱ्या रुग्णांना ते देता येते. (५) फायब्रेटे मुख्यत्वे ट्रायग्लिसराइडे कमी करतात. एलडीएलवर त्यांचा परिणाम मर्यादित असतो.

मूल्यमापनाचा निकष : कोलेस्टेरॉल घटविणारे प्रत्येक द्रव्य हितकारक असतेच असे नाही. क्लोफायब्रेट या औषधाच्या जागतिक आरोग्य संघटनेने सुमारे १५,००० पुरुषांवर केलेल्या चाचणीत (१९७८) कोलेस्टेरॉल घटले, प्राणघातक नसलेले झटकेही घटले. परंतु औषध घेणाऱ्यांतील एकूण मृत्यू मात्र वाढले. टॉर्सेट्रापिब या औषधाने एचडीएल पुष्कळ वाढले व एलडीएल घटले, तरी मृत्यू वाढल्यामुळे २००६ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली. निकोटिनिक अम्लही, स्टॅटिनाच्या जोडीला दिले असता, २५,६७३ रुग्णांवरील चाचणीत (२०१४) निरुपयोगी ठरले. उलट त्याचे दुष्परिणाम लक्षणीय होते. रक्तातील आकडा हे साधन असून झटका व मृत्यू टळणे हे साध्य आहे. म्हणून प्रत्येक औषधाची परीक्षा साध्याच्या निकषावरच करावी लागते.

गुग्गुळ व सालई : गुग्गुळ (शास्त्रीय नाव कॉमिफोरा वायटी, कुल-बर्सेरेसी) हे काटेरी, वेड्यावाकड्या फांद्यांचे झुडूप मुख्यत्वे राजस्थान, कच्छ, सौराष्ट्र व सिंध येथील कोरड्या जमिनीत वाढते. खानदेश व वऱ्हाड येथेही त्याची नोंद जुन्या वनस्पतिग्रंथांत आहे. सालीला खाचा पाडल्यावर निघणारी डिंकयुक्त राळ आयुर्वेदात शोधन करून वापरतात. मेदोरोगावरील तिच्या उपयोगाचा सुश्रुतसंहितेतील उल्लेख आधारभूत मानून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात संशोधन केले. कोलेस्टेरॉल खाऊ घातलेल्या सशांवर गुग्गुळाचा परिणाम त्यांनी तपासला व १९६६ मध्ये प्रबंध सादर केला. पुढे त्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

या कामातून लखनौ येथील केंद्रीय औषध संशोधन संस्थेत गुग्गुळाचा प्रमाणित अर्क तयार करण्यात आला. ‘गुगुलिपिड’ या नावाने तो १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात विक्रीस आला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचण्यांत, क्लोफायब्रेटाशी तुलना करता, त्याने कोलेस्टेरॉल सरासरी ११ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्यातील गुग्गुलस्टेरोन हे द्रव्य पित्ताम्लांशी संबंधित एका ग्राहकाला अडविते, असे २००२ मध्ये दिसून आले. परंतु अमेरिकेत १०३ प्रौढांवर आठ आठवडे केलेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निष्कर्ष उलट आला. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल ५ टक्क्यांनी घटले, तर गुगुलिपिड घेणाऱ्यांचे मात्रेनुसार ४ ते ५ टक्क्यांनी वाढले. सहा जणांच्या अंगावर पुरळही उठले. दोन्हीकडील लोकांचा आहार, मूळची पातळी व चाचण्यांची रचना भिन्न होती. त्यामुळे एका चाचणीने दुसरी पूर्णतः खोटी ठरते असे नाही. तथापि गुग्गुळाने हृदयविकाराचे झटके टळतात हे कोणत्याही मोठ्या चाचणीत दिसलेले नाही. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे अशा रुग्णाने स्टॅटिन सोडून गुग्गुळ घेणे म्हणजे सिद्ध संरक्षण सोडून असिद्धाचा आश्रय करणे होय. ‘वनस्पतिजन्य’ म्हणून ते निर्धोक असते असेही नाही. मुंबईतील औषधिक्रियावैज्ञानिकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुगुलिपिडामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल या हृद्‌रोगावरील औषधांचे रक्तातील प्रमाण घटल्याचे आढळले. म्हणून हृद्‌रोगावर औषधे चालू असलेल्याने गुग्गुळ घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.

नावाच्या साम्यामुळे होणारा गोंधळही येथे लक्षात घेतला पाहिजे. जळगाव जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, मध्य प्रदेशालगत, सातपुड्याच्या रांगांत यावल अभयारण्य (स्थापना १९६९) आहे. तेथील शुष्क पानझडी वनांत साग, अंजन, धावडा यांबरोबर सालई (शास्त्रीय नाव बॉस्वेलिया सेराटा) हा वृक्ष आढळतो. सातपुड्यातील आदिवासींना डिंक गोळा करून काही उत्पन्न मिळते. सालईच्या सुगंधी राळेस ‘सालई गुग्गुळ’ असेही म्हणतात व ती धुपासाठी वापरतात. सालई गुग्गुळाच्याच कुलातील असली, तरी वंश वेगळा असल्याने तिची रासायनिक घटनाही वेगळी आहे. तिच्यातील बॉस्वेलिक अम्लांचा उपयोग सांध्यांच्या सुजेवर करतात. तिच्यात गुग्गुलस्टेरोन नसते व ती कोलेस्टेरॉलावरील मान्य औषधही नाही. बाजारातील गुग्गुळात इतर झाडांचे डिंक मिसळलेले आढळत असल्याने नुसत्या नावावरून द्रव्याची खात्री पटत नाही. शिवाय खोल खाचा पाडून व रसायने लावून अधिक राळ काढण्याच्या हव्यासाने गुग्गुळाची झुडपे मरतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तांबड्या यादीत हे झुडूप ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे.

दुष्परिणाम : स्टॅटिने बहुतेकांना चांगली सोसतात. स्नायू दुखण्याची तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते. पण ज्यांनी अशा तक्रारींमुळे औषध सोडले होते अशा ६० जणांवरील चाचणीत (२०२०) त्यांच्या त्रासाचा सु. ९० टक्के भाग निष्क्रिय गोळी घेत असतानाही तसाच आढळला. स्नायूंचा प्रत्यक्ष नाश होऊन वृक्कांना (मूत्रपिंडांना) इजा होणे ही आपत्ती अत्यंत विरळा, परंतु गंभीर असते. तीव्र स्नायुवेदना, अशक्तपणा व काळसर लघवी ही तिची लक्षणे असून ती दिसताच औषध थांबवून डॉक्टरांकडे जावे लागते. अशा आपत्तींमुळेच सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ मध्ये बाजारातून काढून घेण्यात आले. क्लॅरिथ्रोमायसीन व काही कवकनाशके यांच्याबरोबर काही स्टॅटिने घेतल्यास हा धोका वाढतो. यकृतातील एंझाइमांचे रक्तातील प्रमाण काहींत वाढते. सामान्यतः ती वाढ सौम्य असते. मधुमेह होण्याचा संभव किंचित वाढतो: चार वर्षे उपचार घेणाऱ्या सु. २५५ जणांमागे एक जास्त रुग्ण, असे प्रमाण काढण्यात आले आहे. ज्यांना झटक्याचा मोठा धोका आहे त्यांच्या बाबतीत फायदा यापेक्षा कितीतरी मोठा असतो. गर्भारपणात ही औषधे सामान्यतः थांबवितात.

उपचारांचे धोरण : औषध द्यावे की नाही हे केवळ कोलेस्टेरॉलाच्या आकड्यावरून ठरत नाही. पूर्वी आलेला झटका, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू व विडी-सिगारेट, वय, वृक्कविकार आणि कुटुंबातील हृद्‌रोगाचा इतिहास यांवरून एकूण धोका ठरवितात. भारतीय हृद्‌रोगतज्ञ संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एलडीएल दर डेसिलिटरमागे सर्वसाधारणपणे १०० मिग्रॅ.हून, मोठा धोका असल्यास ७० हून आणि अतिशय मोठा धोका असल्यास ५५ हून कमी असावे. तपासणीसाठी उपाशीपोटी येण्याची अट बहुतेकांच्या बाबतीत आता राहिलेली नाही. त्यामुळे लांबच्या खेड्यातून तालुक्याच्या गावी येणाऱ्यांची सोय होते. अवटू ग्रंथीचे कार्य मंदावल्यानेही कोलेस्टेरॉल वाढते. ते कारण आधी तपासावे लागते.

आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलरक्तता हा विकार सु. २५० ते ३०० व्यक्तींत एकीला असतो. त्यात एलडीएल जन्मापासून जास्त असते व तरुणपणीच झटका येऊ शकतो. टाचेवरील वा बोटांवरील कंडरांत गाठी दिसणे हे त्याचे एक चिन्ह होय. अशा रुग्णाच्या भावंडांची व मुलांची तपासणी आवश्यक असते. कारण प्रत्येक अपत्यात हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते.

तूप, वनस्पती तूप व तळलेले पदार्थ कमी करणे, डाळी, भाज्या व इसबगोलासारखे विद्राव्य तंतुमय पदार्थ वाढविणे, रोज चालणे आणि तंबाखू सोडणे हे सर्वांना लागू पडणारे उपाय आहेत. मोठा धोका असलेल्यांच्या बाबतीत ते औषधाच्या जोडीला असतात, औषधाच्या ऐवजी नव्हेत. औषध सुरू केल्यावर सु. चार ते बारा आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा ठरवितात. तपासणीत आकडा खाली आला म्हणून औषध बंद करण्याची चूक वारंवार होते. स्टॅटिन थांबविल्यावर काही आठवड्यांतच एलडीएल पूर्वीच्या पातळीवर जाते व त्याबरोबर टळलेला धोकाही परत येतो. खाली आलेला आकडा हा विकार बरा झाल्याचा नव्हे, तर औषध लागू पडत असल्याचा पुरावा असतो.

[⟶ गुग्गुळ, रोहिणीविलेपी विकार, हृद्‌रोग].